वाऱ्याची दिशा ज्यांना ठाऊक होती

२ डिसेंबर १९८४ च्या रविवारी रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात जे कामगार पाळीवर होते, ते जवळजवळ सगळे जिवंत राहिले. मिथाइल आयसोसायनेटने भरलेली ६१० क्रमांकाची टाकी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. मध्यरात्र उलटली, टाकीतला दाब सुरक्षा झडपेला आवरेना आणि उंच नळीतून पांढुरका लोट बाहेर पडू लागला. त्या वेळी कामगारांनी वर पाहिले. आवारात खांबाच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बांधलेली होती. वारा जिकडून येत होता तिकडे ते धावले. कुंपण ओलांडताना एका पर्यवेक्षकाचा पाय मोडला, पण जीव वाचला.

रस्त्यापलीकडे जयप्रकाश नगर होते. पुढे काझी कॅम्प, छोला, चांदबड, रेल्वे कॉलनी. तिथली माणसे खोकत उठली. शेजारी कुणी ढीगभर मिरच्या जाळतोय असे वाटले, हे त्या रात्रीतून वाचलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती सांगते. डोळे उघडवेनात. दार उघडून लोक बाहेर आले आणि सगळे जिकडे पळत होते तिकडे पळाले. बहुतेकांच्या बाबतीत ती वाऱ्याचीच बाजू निघाली. लोट त्यांच्यासोबत चालत राहिला. धावणाऱ्याचा श्वास मोठा होतो, त्यामुळे त्याच्या छातीत विष जास्त जाते. शिवाय हा वायू हवेच्या साधारण दुप्पट जड. तो जमिनीलगत रेंगाळतो. म्हणून आईचा हात धरून पळणारी मुले आधी कोसळली.

मध्य प्रदेश सरकारने मृतांचा आकडा ३,७८७ सांगितला. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यांत तो ५,००० च्या वर गेला. गॅसपीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. बाधितांची संख्या ५ लाखांहून अधिक, हे सरकारनेही मान्य केले आहे.

कारखान्यातले पुष्कळ कामगार याच शहरातले होते, अशाच वस्त्यांतून कामावर येणारे. वायू तोच होता आणि वेळही तीच. पण कुंपणाच्या आतल्या माणसाला आधी कधीतरी कुणीतरी सांगून ठेवले होते की गळती झाली तर आधी वारा बघ, मग पळ. कुंपणाबाहेरच्या माणसाला हे एकाही वाक्याने सांगितलेले नव्हते. आपत्तीची तयारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोटी, हेल्मेटे, नारिंगी गणवेशातले जवान येतात. भोपाळचा विचार करताना मला दर वेळी ते न सांगितलेले वाक्य आठवते.

•

जुन्या शहराच्या आग्नेयेला, कारखान्यापासून काही किलोमीटरांवर बरखेडा आहे. भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, वसाहतीचा हा भाग. पिपलानी, गोविंदपुरा, हबीबगंज आणि बरखेडा असे या वसाहतीचे तुकडे. हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना १९५० च्या दशकात ब्रिटिश सहकार्याने उभा राहिला आणि १९७० च्या दशकात भेलमध्ये विलीन झाला. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली. विदर्भातून, पुण्याकडून मराठी कुटुंबेही आली आणि या क्वार्टरांतून रुजली. रुंद रस्ते, रांगेतली घरे, आंब्या-कडुलिंबाची झाडे, विजय मार्केट, शाळा, मैदाने, कंपनीचे कस्तुरबा रुग्णालय. सरकारने पुढे शहरातले ५६ पैकी ३६ प्रभाग गॅसबाधित ठरवले, त्यात जुने शहर आले. भेलची वसाहत त्याबाहेर राहिली.

त्या रात्री बरखेडा वाचला तो अंतरामुळे आणि मंद वाऱ्यामुळे. तिथल्या कुठल्याही कुटुंबाला जयप्रकाश नगरातल्या कुटुंबाहून कार्बाइडविषयी एक अक्षरही जास्त माहीत नव्हते. वारा जोराचा असता, टाकीत आणखी माल असता, तर या नीटनेटक्या क्वार्टरांतली माणसेही तशीच दार उघडून बाहेर आली असती. हे मुद्दाम सांगतो, कारण सुरक्षित राहिलेल्या वस्तीत हळूहळू अशी समजूत घर करते की आपण सुरक्षित आहोत ते आपल्या शिस्तीमुळे.

तरीही बरखेड्यासारख्या वसाहतीकडे एक गोष्ट होती आणि ती महत्त्वाची आहे. तिथे माणसे एकमेकांना ओळखत होती. कुठल्या ब्लॉकमध्ये कोण राहतो, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, कुणाचा मुलगा दम्याचा आहे, हे पाळीला सोबत जाणाऱ्यांना ठाऊक असे. रुग्णालय कुठे, रुग्णवाहिका कोण पाठवतो, वीज गेली तर कुणाला कळवायचे, याची उत्तरे तयार होती, कारण घर, नोकरी आणि दवाखाना एकाच मालकाकडून येत होते. कुंपणाशेजारच्या झोपडपट्टीला यातले काहीच नव्हते. जयप्रकाश नगरातल्या घरांना १९८४ मध्येच निवासाचे पट्टे मिळाले होते. म्हणजे सरकारने माणसांना तिथे राहण्याचा कागद दिला, आणि समोरच्या भिंतीआड काय साठवले आहे याचा कागद मात्र दिला नाही.

•

सांगणारे होते. शहराच्या १९७५ च्या विकास आराखड्यात धोकादायक उद्योग वस्तीपासून दूर, वेगळ्या जागी हलवण्याचा विचार होता. १९८१ च्या डिसेंबरमध्ये फॉस्जीनच्या गळतीत कारखान्यातला एक कामगार मेला. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या अमेरिकन पथकाने तपासणी करून गंभीर त्रुटी लिहून ठेवल्या. त्याच वर्षी कामगार संघटनेने शहरात धोक्याची भित्तिपत्रके लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गळती झाली आणि आसपासचे लोक रात्री घरे सोडून पळाले. त्याच सुमारास राजकुमार केसवानी नावाचा भोपाळचा तरुण पत्रकार ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात लेखामागून लेख लिहीत होता की हे शहर ज्वालामुखीवर बसले आहे. १९८४ च्या जूनमध्ये त्याने ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिले. सहा महिन्यांनी ती रात्र आली. केसवानी २०२१ च्या मे महिन्यात कोविडनंतरच्या आजारात गेले. या देशातल्या पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात त्यांचे ते लेख शिकवले गेले पाहिजेत असे मला वाटते.

म्हणजे माहिती होती, पण ती घराघरात पोचली नव्हती. वर्तमानपत्रातला इशारा अधिकाऱ्याला उद्देशून असतो: हे थांबवा. घरातल्या माणसाला हवा असतो तो दुसराच निरोप: हे थांबले नाही, तर त्या रात्री तू काय करशील. पहिला निरोप दिला गेला आणि दुर्लक्षित राहिला. दुसरा कुणी दिलाच नाही.

भोंग्याची गोष्ट याहून क्लेशाची. कारखान्यात भोंगा होता आणि तो अनेक कारणांनी वाजे, त्यामुळे वस्तीला त्याची सवय होऊन गेली होती. किरकोळ गळतीने बाहेरचे लोक घाबरू नयेत म्हणून बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करायचा आणि आतला चालू ठेवायचा, अशी पद्धत कंपनीने ठरवली होती. त्या रात्री तसेच झाले. एकच्या सुमारास भोंगा वाजला आणि लगेच थांबला. पुन्हा पूर्ण जोराने वाजला तेव्हा बराच उशीर झालेला होता, आणि तो ऐकून काही लोक आग लागली असे समजून मदतीसाठी कारखान्याच्या दिशेने गेले. त्यांना दोष देता येत नाही. त्या आवाजाचा अर्थ काय, तो ऐकल्यावर दार उघडायचे की बंद करायचे, हे त्यांच्याशी कुणी कधी ठरवलेले नव्हते.

हमीदिया रुग्णालयातही तेच. हजारोंची रांग लागली आणि डॉक्टरांना वायूचे नावही सांगितले गेले नव्हते. कंपनीच्या बाजूने उत्तर आले की डोळ्यांची जळजळ होते, पाण्याने धुवा. गांधी मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी रात्रभर डोळ्यांत थेंब घालत राहिले. न्यायवैद्यक विभागाचे प्रा. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदनांतील खुणांवरून सायनाइडची शंका घेतली आणि सोडियम थायोसल्फेट देण्याचा आग्रह धरला. त्यावर पुढे कित्येक आठवडे वाद झाला. उपचार योग्य की अयोग्य हा डॉक्टरांचा प्रश्न. पण एवढ्या मोठ्या शहराच्या मुख्य रुग्णालयात, उशाशी असलेल्या कारखान्यातल्या रसायनाविषयी एक पानही आधी पोचलेले नसावे, हा डॉक्टरांचा प्रश्न नव्हता.

याच रात्री माहितीचा उलटा अनुभवही आला. भोपाळ स्टेशनावर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर पाळीवर होते. फलाटावर गोरखपूर-मुंबई गाडी उभी होती, लोक खोकत होते. सुटायची वेळ व्हायच्या आत त्यांनी गाडी सोडून दिली आणि पुढच्या स्टेशनांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका असे कळवले. वायू कुठला हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पण गाडी हलवायची तर कुणाला काय कळवायचे, कुठला क्रम पाळायचा, हे रेल्वेच्या माणसाच्या हातात बसलेले असते. आणीबाणीत माणसाला नवे फार कमी सुचते. जे हाताला आधीच येते तेच तो करतो. लष्कराच्या ट्रकांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जखमींची जी ने-आण केली, तिच्यामागेही हेच होते.

•

आता पुढच्या दोन आठवड्यांकडे बघा. माझ्या मते भोपाळच्या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग तोच आहे आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो.

कारखान्यात अजून मिथाइल आयसोसायनेट शिल्लक होते. ते तसेच ठेवणे धोक्याचे, म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली ते वापरून संपवायचे ठरले. १६ डिसेंबरला काम सुरू झाले. नाव दिले ‘ऑपरेशन फेथ’. नावात विश्वास होता, पण लोकांत उरलेला नव्हता. तारीख जाहीर होताच लाखो माणसे मिळेल त्या गाडीने, बैलगाडीने, पायी शहर सोडून गेली. शाळा बंद झाल्या, शहराच्या दुसऱ्या बाजूला छावण्या उघडल्या. आणि कारखान्यात काय केले? कुंपणाभोवती कापड लावून ते सतत पाण्याने भिजत ठेवले. पाण्याचे बंब उभे केले. वरून हेलिकॉप्टरने पाणी फवारले.

कारण मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावते. ओल्या कापडातून जाताना त्याचा बराचसा जोर मोडतो. हे रसायनशास्त्र २ डिसेंबरलाही तेच होते. कंपनीच्या स्वतःच्या पुस्तिकांत या पदार्थाचे गुणधर्म छापलेले होते. ज्या ज्ञानाने १६ डिसेंबरला एक भलेमोठे कुंपण भिजवले, त्या ज्ञानाने २ डिसेंबरला एक पंचा भिजवता आला असता. तोंडाला ओला पंचा बांधा, मुलांच्याही बांधा, दाराच्या फटीत ओले फडके कोंबा, आणि निघालातच तर वाऱ्याला आडवे निघा. जयप्रकाश नगरातल्या कच्च्या, पत्र्या-लाकडाच्या घरांत एवढ्याने सगळे वाचले असते असे मी म्हणणार नाही. कारखान्याच्या अगदी तोंडाशी लोट फार दाट होता. पण दोन-तीन किलोमीटरांवरच्या पक्क्या घरांत, लोट विरळ होत गेला तिथे, किती फुप्फुसे आणि किती डोळे वाचले असते, याचा विचार करताना जीव कासावीस होतो.

•

भोपाळनंतर जग हलले. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्यात काय साठवले आहे हे जाणून घेण्याचा शेजाऱ्यांचा हक्क मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८८ मध्ये वस्तीपातळीवरच्या तयारीचा एक आराखडा जगापुढे ठेवला. आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम झाले, १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांचे नियम, आणि २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा.

यातला १९८९ च्या नियमांतला पंधरावा नियम प्रत्येक नागरिकाने वाचावा असा आहे. तो म्हणतो की ज्या कारखान्यात मोठा अपघात होऊ शकतो, त्याच्या चालकाने आवाराबाहेरच्या, बाधा पोचू शकणाऱ्या लोकांना धोका कसला आहे आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे कळवले पाहिजे. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट निवारण गट नेमायला सांगितले. स्थानिक गटाने औद्योगिक पट्ट्यातल्या लोकांना शिकवायचे आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण सराव घ्यायचा. म्हणजे १९८४ च्या रात्री जे वाक्य सांगितले गेले नाही, ते सांगणे आता कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या दोन-तीन किलोमीटरांत राहत असाल तर आठवून बघा, असा कागद तुमच्या दारात कधी आला का.

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ शेजारच्या वेंकटपुरम गावात शिरली. लोक झोपेत होते. बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात पोचली. पुढे नेमलेल्या चौकशी समितीने नोंदवले की धोक्याचा भोंगा वाजवण्याची सोय कारखान्यात जागोजागी होती, पण तो वाजवलाच गेला नाही. पस्तीस वर्षांनंतर, एवढे कायदे झाल्यानंतर, पुन्हा भोंगाच. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द भोपाळमध्ये, ईदगाह हिल्सवरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन गळाला आणि शेजारच्या मदर इंडिया कॉलनीतली माणसे खोकत, डोळे चोळत घराबाहेर आली. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. गॅसचा अनुभव अंगावर घेतलेले हे शहर. तिथेही नळाचे पाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रात क्लोरीनची मोठी नळकांडी असतात, हे शेजाऱ्यांना त्या संध्याकाळी कळले.

महाराष्ट्राने दूरची गोष्ट म्हणून हे वाचू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये प्रोबेस या आणि मे २०२४ मध्ये अमुदान या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दोन्ही वेळा ज्यांच्या काचा फुटल्या त्या इमारती कारखान्यांच्या शेजारी कशा उभ्या राहिल्या हा प्रश्न विचारला गेला आणि विरून गेला. तारापूर, तळोजा, महाड, लोटे, रोहा, कुरकुंभ ही नावे उच्चारली की शेजारची गावे डोळ्यांपुढे येतात. तिथल्या किती घरांत वारा कुठल्या महिन्यात कुठून वाहतो याची चर्चा झाली असेल?

•

बरखेड्यातल्या, किंवा डोंबिवलीतल्या, एका साध्या कुटुंबाने काय करावे, हे आता सविस्तर लिहितो, कारण अशा लेखांत हाच भाग घाईने उरकला जातो.

विषारी वायूची बातमी आली तर पक्क्या घरात राहणाऱ्याने बहुतेक वेळा घरातच राहावे. बाहेर पळणे ही पहिली ऊर्मी असते, आणि भोपाळमध्ये तीच जिवावर बेतली. दारे-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी, चादरी कोंबा. पंखे, एक्झॉस्ट बंद करा. आणि भोपाळकरांनी, विदर्भकरांनी हे नीट ध्यानात ठेवावे: खिडकीतला कूलर आधी बंद करा. एप्रिल ते जून या घरांतून चोवीस तास कूलर चालतो आणि त्याचे कामच बाहेरची हवा जोराने आत ओढणे हे असते. गळती उन्हाळ्यात झाली तर बाकी सगळी दारे लावून कूलर चालू ठेवणारे घर बाहेर उभ्या माणसाहून फारसे सुरक्षित नाही. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जा. नाका-तोंडावर ओले, घडी घातलेले सुती कापड धरा. क्लोरीन, अमोनिया, मिथाइल आयसोसायनेट यांना पाणी अडवते. स्टायरीनसारख्या वाफेला ते फारसे अडवत नाही, तिथे बंद खोली हाच आधार. निघायचे तर वाऱ्याला आडवे निघा. लोटाच्या पुढे पळू नका. झाडाची पाने, दोरीवरचे कपडे, धुराची दिशा, मंदिराचा झेंडा, काहीही वारा सांगेल. आणि लोट निघून गेल्याचे कळले की दारे-खिडक्या उघडून बाहेर या, कारण मग आत कोंडलेली हवाच जास्त वाईट असते.

हे वाचायला दोन मिनिटे लागतात. पण वाचलेले आणि केलेले यांत अंतर असते. म्हणून एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी ते करून बघावे. आजींना वरच्या मजल्यावर कोण नेईल? जिना त्या चढतील का? नसतील चढत, तर खालची कोणती खोली सर्वांत कमी खिडक्यांची आहे? मुले शाळेत असताना भोंगा वाजला तर आईने शाळेकडे धावायचे नाही, शाळेनेच दारे लावायची आहेत, हे आईने आणि शाळेने आधी एकमेकांशी बोलून ठेवले पाहिजे. नाहीतर शंभर आया विषारी रस्त्यावर उतरतील. फोन लागत नसतील तर नंतर कुठे भेटायचे? नागपूरची मावशी किंवा पुण्याचा काका असा गावाबाहेरचा एक माणूस ठरवून ठेवावा आणि प्रत्येकाने त्यालाच कळवावे. मोठ्या संकटात गावातल्या गावात फोन लागत नाहीत, बाहेरगावी कधी कधी लागतात. आधारच्या, रेशनकार्डाच्या, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती एका पाकिटात. आणि घरात जो रोज औषध घेतो, त्याच्या गोळ्या निदान आठवडाभराच्या जास्तीच्या.

शेवटच्या गोष्टीवर थांबतो. इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचा पंप, डायलिसिसचे वेळापत्रक हे घरोघरचे जीवनाधार आहेत आणि साथीच्या काळात तेच आधी तुटतात. कार्बाइडचे समभाग विकून आलेल्या पैशातून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गॅसपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. मार्च २०२० मध्ये ते रातोरात फक्त कोविडसाठी राखून ठेवले गेले. ज्यांची फुप्फुसे पस्तीस वर्षे आजारी होती, ज्यांचे उपचार तिथे चालू होते, ते बाहेर पडले. भोपाळमध्ये कोविडने गेलेल्या सुरुवातीच्या माणसांत गॅसपीडितच अधिक होते, हे संघटनांनी नावानिशी दाखवून दिले. काही आठवड्यांनी निर्णय मागे घेतला गेला. निर्णय घेणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असे मी मानत नाही. पण शहरात सर्वांत नाजूक कोण आहे याची यादी पस्तीस वर्षे हाताशी असलेल्या शहरात, संकट आल्यावर ती यादी कुणी उघडली नाही.

रुग्णालयेसुद्धा तयार असावी लागतात. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू विभागाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात, तशाच विभागात, तशीच आग. दहा महिन्यांचे अंतर आणि शेजारची दोन राज्ये; पहिल्या आगीचा धडा दुसऱ्या दारापर्यंत पोचला नव्हता. यावर अधिक लिहवत नाही.

•

बरखेडा आता बदलतो आहे. भेलची नोकरभरती आटली, क्वार्टरे रिकामी पडत गेली, काही मोडकळीस आली. निवृत्त झालेली माणसे अवधपुरी, साकेत नगरसारख्या शेजारच्या वसाहतींत घरे बांधून राहायला गेली. मुले बंगळुरू, पुणे, परदेशी. ज्या पिढीला शेजारच्या ब्लॉकमधल्या प्रत्येकाचे नाव आणि आजार ठाऊक होते, ती पिढी आता स्वतःच दुसऱ्याने हात धरून जिना चढवायची झाली आहे. बाजूलाच गोविंदपुऱ्याचा औद्योगिक भाग आहे. कंपनीची ती जुनी, घट्ट व्यवस्था नव्या खासगी कॉलन्यांत नाही; तिथे रहिवासी समिती असते, पहारेकरी असतो, व्हॉट्सॲपचा गट असतो. तेवढ्यावरही पुष्कळ करता येईल. गणपतीच्या मंडळाला वर्गणी कुणाकडे किती राहिली हे माहीत असते. त्याच वहीत दुसऱ्या पानावर कॉलनीतले एकटे राहणारे वृद्ध, ऑक्सिजन यंत्रावर असलेले, गरोदर बायका, अपंग व्यक्ती यांची नोंद आणि प्रत्येकापुढे एका शेजाऱ्याचे नाव लिहिता येईल. हे काम आपली मंडळे सहज करू शकतात, आणि मंडपाच्या उंचीपेक्षा त्याचा अधिक अभिमान बाळगता येईल.

सरकारी व्यवस्थाही आता रिकाम्या हाताने बसलेली नाही. १९८४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका नव्हती, आपत्ती दल नव्हते, मोबाइलवर मोठ्याने वाजणारा इशारा नव्हता. तो इशारा २०२३ मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या हातातल्या फोनवर चाचणी म्हणून वाजला. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यातल्या शहरांत भोपाळही होते. कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये हलवून पीथमपूरला नेला आणि तिथे जाळला. त्या वेळी पीथमपूरच्या लोकांनी रस्त्यावर उतरून विचारले की आमच्या शेजारी काय जाळताय, त्याचा धूर कुठे जाणार. त्या आंदोलनाला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तो भोपाळनेच शिकवलेला प्रश्न वाटतो, आणि तो विचारायला लोक उभे राहिले याचे समाधान वाटते. त्यांना उत्तर आधी, सोप्या भाषेत मिळायला हवे होते.

बरखेड्यातल्या एखाद्या रहिवासी समितीने, किंवा महाडच्या एखाद्या ग्रामपंचायतीने, पंधराव्या नियमाचा हवाला देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज करावा. आमच्या पाच किलोमीटरांत मोठ्या अपघाताचा धोका असलेले कारखाने, गॅसच्या टाक्या, शीतगृहे, पाणी शुद्धीकरण केंद्रे कोणती? त्यांत काय साठवले आहे? धोक्याचा भोंगा कसा वाजेल आणि धोका टळल्याचा कसा? स्थानिक संकट निवारण गटात कोण आहेत, आणि शेवटचा सराव कुठल्या तारखेला झाला? आमच्या रुग्णालयाला त्या रसायनांवरच्या उपचारांची पाने दिली आहेत का? उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.

भोपाळमध्ये ३ डिसेंबरला स्थानिक सुट्टी असते. सकाळी सर्वधर्म प्रार्थनासभा होते, मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते, ती तशीच चालू राहावी. पण दिवस मोकळा असतो आणि माणसे घरी असतात. त्या दिवशी अकरा वाजता, आधी आठवडाभर सांगून, प्रत्येक प्रभागात भोंगा वाजवावा. बरखेड्यात, पिपलानीत, आणि आधी जयप्रकाश नगरात. दहा मिनिटे दारे बंद, कूलर आणि पंखे बंद, तोंडावर ओला पंचा, आणि नेमून दिलेल्या शेजाऱ्याने नेमून दिलेल्या वृद्धाच्या दारावर थाप मारून विचारावे, आजी, मी आलोय, वर चला. मग धोका टळल्याचा भोंगा, आणि संध्याकाळी कॉलनीच्या बैठकीत ज्यांच्या दारावर थाप पडली नाही त्यांची नावे वाचून दाखवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी ती राहणार नाहीत.